उजाडण्यापूर्वीचे जन्म

जळगावात भर मे महिन्यात अंगावर शाल घेऊन बसायची सोय एकाच ठिकाणी होती. ती म्हणजे दीपचंद शेठच्या तेल गिरणीतली कॉम्प्युटरची खोली. बाहेर डांबर वितळायचं, पेंडीचा वास नाकात बसायचा, माणसं डोक्याला ओला पंचा गुंडाळून फिरायची. आत काचेच्या भिंतीपलीकडे कपाटाएवढं ते धूड गारव्यात बसलेलं असायचं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने वापरून टाकलेलं मशीन शेठने घेतलं तेव्हा बाजारपेठेतले लोक हसले होते. पुढे दसऱ्याला त्याची पूजा झाली, त्याच्यासमोर नारळ फुटला, आणि हसणारे हळूहळू चपला बाहेर काढून आत यायला लागले. ज्याच्यासमोर लोक चपला काढतात त्याच्यापासून जरा जपून राहावं. पण हे अभिमनला सांगणार कोण?

अभिमन हा पहूरच्या वना पाटलांचा धाकटा मुलगा. गणित घेऊन बीएस्सी झाला आणि गिरणीत कारकून म्हणून चिकटला. मशीन आलं तेव्हा बाकीचे कारकून त्याच्याकडे भुताकडे बघावं तसे बघत होते. अभिमनने मात्र त्याची जाडजूड इंग्रजी पुस्तकं घरी नेली आणि पानापानाचा फडशा पाडला. कार्डांना भोकं पाडून मशीनला हुकूम कसे द्यायचे, एक हुकूम चुकला की पुढचे शंभर कसे वाया जातात, हे तो एकट्याने शिकला. वर्षभरात गिरणीची सगळी बिलं त्याच्या प्रोग्रामवर निघू लागली. आणि शेठ त्याला हाक मारायचे ती अशी : "ए मशीनवाला!"

मशीनच्या देखभालीला मुंबईहून कारखानीस नावाचे इंजिनिअर यायचे. अभिमनचं काम पाहून त्यांनी एकदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शेठ मुंबईत नवं ऑफिस काढताहेत. याच्या दसपट मोठं मशीन येणार. त्याला मुख्य प्रोग्रामर लागेल."

"साहेब, माझं नाव सुचवाल?"

"मी सुचवून काय होणार? तुझं नाव तरी त्यांना ठाऊक आहे का? बिलं वेळेवर निघतात, एवढंच त्यांना दिसतं. कोण काढतं ते दिसत नाही. बोलेल त्याची बोरं विकली जातात, बाबा. हात चालतो तुझा, आता चेहरा दिसू दे."

हे शब्द अभिमनच्या डोक्यात किड्यासारखे शिरले. चेहरा दिसू दे. पण कुठे, कसा? तेलाच्या बिलाकडे बघून कोण टाळ्या वाजवतो?

संधी आली ती शेठच्याच तोंडून. शेठ त्यांच्या व्यापारी समाजाचे अध्यक्ष. उपवर मुलामुलींचा परिचय मेळावा त्या वर्षी जळगावात भरायचा होता, आणि पत्रिकांच्या भानगडींनी शेठचं डोकं उठलं होतं. जोशाच्या हातावर काही ठेवलं की मुलीचा मंगळ जातो, नाडी बदलते, गुण वाढतात, हे समाजात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्या पत्रिकेवर कुणाचा विश्वास उरला नव्हता. अभिमन बिलांची चळत ठेवायला केबिनमध्ये गेला होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "शेठजी, पत्रिका घ्यायचीच नाही. फक्त जन्माची तारीख आणि वेळ घ्यायची. नक्षत्र, नाडी, गुण सगळं मशीन काढेल. जोशी खातो, मशीन खात नाही."

शेठने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "तुझं नाव काय रे भाई?"

त्या दिवशी अभिमन सायकलवरून घरी गेला तो गाणं म्हणत. त्याला काय ठाऊक, आपण स्वतःहून हात दाखवून अवलक्षण करतो आहोत!

त्याने जुनी पंचांगं गोळा केली. चंद्र कोणत्या तारखेला किती वाजता कोणत्या नक्षत्रात शिरला, ते सगळं कार्डांवर चढवलं. शेठच्या घरातल्या चार-पाच वडीलधाऱ्या माणसांवर प्रोग्राम चालवून पाहिला, तर प्रत्येकाचं नक्षत्र अचूक. ती सगळी माणसं दिवसाउजेडी जन्मलेली होती, पण त्याची चौकशी करायची कुणाला गरज वाटली नाही. मशीनने चूक केली नाही. मशीन कधीच चूक करत नाही. ती करायला माणूस लागतो.

मेळाव्याच्या दिवशी गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. जामनेर, धुळे, अमळनेर, पार मालेगावपासून लोक आलेले. काचेबाहेर माणसांची रांग, आणि आत इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला अभिमन एकटा. तो कार्ड सरकवायचा, मशीन खडखडायचं, कागद बाहेर यायचा, आणि तो दाराशी येऊन निकाल वाचून दाखवायचा. एकेका निकालाला लोक माना डोलवत होते. वर्तमानपत्राचा फोटोग्राफरही हजर होता.

दुपारी जामनेरचे घेवरचंद पुढे आले. कापसाचे मोठे आडते, आवाज खणखणीत. त्यांच्या मुलाचं लग्न धुळ्याच्या गुलाबबाईंच्या प्रेमकुंवरशी ठरलेलं होतं, साखरपुडाही झाला होता. गुलाबबाई विधवा, धुळ्यात छोटं कापडाचं दुकान चालवून दोन मुली वाढवलेल्या.

"आमचं तर ठरलेलंच आहे," घेवरचंद हसत म्हणाले. "पण आता आलोच आहोत तर तुमच्या मशीनचा आशीर्वाद घेऊ!"

लोक हसले. मुलाचं कार्ड पाडून झाल्यावर अभिमनने दुसरं कोरं कार्ड घेतलं. "मुलीचा जन्म?"

गुलाबबाईंनी पदर सावरला. लेकीचा जन्म सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "दुसऱ्या श्रावणी सोमवारची आहे माझी प्रेमकुंवर. पहाटे चारची." साल त्यांनी सांगितलं, आणि अभिमनने पंचांगात बघून त्या सोमवारची तारीख कार्डावर पाडली. वेळ, पहाटे चार. प्रेमकुंवर आईच्या मागे उभी होती. तिने एकदाच मान वर करून जामनेरच्या मुलाकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता.

मशीन खडखडलं. कागद बाहेर आला. अभिमनने तो वाचला, आणि पुन्हा वाचला.

"दोघांची नाडी एक आहे," तो म्हणाला. "नाडीदोष."

नाडी एक म्हणजे दोघांपैकी एकाच्या जिवावर, असं समाजात लहान पोरसुद्धा सांगेल. घेवरचंदांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "पण तुम्ही दिलेल्या पत्रिकेत तर नाडी वेगळी होती, गुलाबबाई."

"आमच्या जोशांनी काढलेली पत्रिका आहे, भाऊजी. तिचा जन्म झाला तेव्हाची."

"जोशांनी काढली, की काढून घेतली?"

मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "बिनबापाची पोर उजवायची म्हणजे असंच करावं लागतं." प्रेमकुंवरने आईचा हात घट्ट धरला. घेवरचंद मुलाला घेऊन वळले, आणि गर्दीने त्यांना वाट करून दिली.

अभिमनला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्याहून काहीतरी वेगळंच त्याला जास्त वाटलं. सगळी गर्दी त्याच्याकडे बघत होती, आणि त्या नजरांत भीती होती. आयुष्यात पहिल्यांदा माणसं त्याला घाबरली होती, आणि ते त्याला आवडलं. नेमका त्याच क्षणी फोटोग्राफरने फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मशीनशेजारी उभा अभिमन छापून आला. खोट्या पत्रिका उघड पाडणारा पहूरचा तरुण! शेठने त्याला घरी जेवायला बोलावलं, पंगतीत शेजारी बसवलं. "अभिमन," ते म्हणाले, आणि नाव पूर्ण घेतलं, "आता एक मेळावा धुळ्यात करू. तो झाला की तुझं मुंबईचं नक्की." महिनाभरात मशीनने जुळवलेली कितीतरी लग्नं लागली. शेठच्या नातीचंही त्यातच लागलं. ज्यांची जुळली नव्हती त्यांच्या दाराशी पुन्हा कुणी गेलं नाही. लोक आता पत्रिका मागत नव्हते. "मशीनने काय सांगितलं?" एवढंच विचारत होते.

मग तीन महिन्यांनी अभिमन चार दिवस पहूरला गेला. थोरला भाऊ चुडामण याच्या बायकोला, प्रमिलाबाईला, मुलगी झाली होती. तो पोचला तर घरात बारशाची गडबड, पाळणा बांधलेला, घुगऱ्या शिजायला टाकलेल्या.

"माय, बारसं आज कसं? चुडामणभाऊने तर कळवलं, पोरगी मंगळवारी पहाटे झाली. म्हणजे बारावा दिवस उद्या."

त्याची आई, भिकुबाई, चुलीपुढून हसली. "एवढा शिकला नि एवढं समजत नाही तुले? सोमवारच्या राती झाली ते. दिस उगेल नव्हता, मंग मंगयवार कसा म्हनता येईन? उजाडल्याबिगर वार बदलतो का कुठी?"

सगळ्या बायका हसल्या. अभिमनही हसला. आणि मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. याच घरात तो वाढला होता. आईचा सोमवारचा उपास मंगळवारचा सूर्य उगवेपर्यंत सोमवारचाच असायचा, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. पण मशीनच्या पुस्तकात दिवस मध्यरात्री बदलत होता, म्हणून कार्डावरही तो मध्यरात्रीच बदलला. शिकता शिकता तो घरचं विसरला होता, एवढंच. गुलाबबाई म्हणाल्या, श्रावणी सोमवार, पहाटे चार. आपल्याकडची कुठलीही बाई असंच सांगेल. ती सोमवारची पहाट नव्हतीच. ती सोमवारची रात्र सरतानाची पहाट होती. कार्डाच्या हिशेबाने मंगळवार. त्याने पोरीला अख्ख्या एका दिवसाने मागे ढकललं होतं. तेवढ्यात चंद्र एक नक्षत्र ओलांडतो, आणि नक्षत्र बदललं की बहुधा नाडीही बदलते.

पाळण्यातल्या पोरीच्या कानात नाव सांगताना भिकुबाईने त्याला हाक मारली, पण त्याला ती ऐकू आली नाही.

जळगावला येताच त्याने काचेचं दार आतून लावलं. मध्यरात्र ते सूर्योदय यांदरम्यान जन्मलेल्यांची कार्डं वेगळी काढली, तारखा एका दिवसाने पुढे सरकवल्या आणि प्रोग्राम चालवला. प्रेमकुंवरचा कागद सर्वांत आधी बाहेर आला. नाडी वेगळी. गुण भरपूर. त्या विधवा बाईने आणलेली पत्रिका अक्षर न् अक्षर खरी होती. मग एकामागून एक कागद येत राहिले. मोडलेली होती ती जुळत होती, जुळवलेली होती त्यांतली काही मोडत होती. त्या गार खोलीत अभिमनच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

तो तसाच शेठच्या केबिनमध्ये गेला आणि सगळं सांगून टाकलं. शेठने नोकराला बोलावून ताक मागवलं. नोकर गेल्यावर स्वतः उठून दार लावलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"माझी नात?"

अभिमनने मान खाली घातली. "तिचाही जन्म पहाटेचाच, शेठजी. तिचं... तिचं आता जुळत नाही."

शेठ खिडकीपाशी गेले. बाहेर पेंडीचे ट्रक भरले जात होते. वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर अभिमनला बरं वाटलं असतं.

"तिला दिवस गेलेत," ते म्हणाले. "ती सुखात आहे. तिला आता जाऊन सांगायचं का, की तुझ्या नवऱ्याच्या जिवाला धोका आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, भाई. पुढच्या मेळाव्याला बरोबर कर. मागचं मागे."

"पण गुलाबबाईंची मुलगी..."

"ऐक." शेठचा आवाज मऊ होता, पोराला समजवावं तसा. "मशीन माझं आहे, पण पेपरात फोटो तुझा आहे. ज्यांचं मोडलं ते मशीनचं नाव घेत नाहीत, माझंही घेत नाहीत. पहूरचा अभिमन म्हणतात. तुझं गाव माहीत आहे त्यांना, बापाचं नाव माहीत आहे. तुला नाव व्हायला हवं होतं ना? झालं की! ताक घे."

अभिमनने ताक घेतलं. पेला रिकामा करूनच तो उठला.

धुळ्याच्या मेळाव्याच्या तयारीला म्हणून शेठने त्याला पाठवलं, आणि तो एसटीतून उतरला तो थेट गुलाबबाईंची गल्ली शोधत निघाला. काय बोलायचं ते त्याने पारोळ्यापासून घोकलं होतं. तुमची पत्रिका खरी होती. चूक माझी होती. मी घेवरचंदांना सांगतो, समाजाला सांगतो. मुंबई गेली तर गेली. ते खरंच बोलायचं त्याने ठरवलं होतं, आणि ठरवल्यापासून त्याला पहिल्यांदा नीट श्वास घेता येत होता.

गल्लीच्या तोंडाशी पानाच्या टपरीवर एक म्हातारा बसला होता. "आबा, गुलाबबाईंचं घर कुठे?"

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "तो मशीनवाला तूच शे ना? पेपरमा फोटू व्हता तुना." त्याने कातरलेली सुपारी हातातच ठेवली आणि ओट्यांवरच्या माणसांना हाक मारली. बायका दारांत आल्या. अभिमन गल्लीतून चालत गेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बोलणं थांबत गेलं.

गुलाबबाईंनी दार उघडलं, त्याला ओळखलं, आणि आत घेतलं. बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं. त्याने पाण्याला हात लावायच्या आधीच सगळं सांगितलं. सांगताना त्याला रडू आलं, ते त्याने लपवलं नाही. त्या ऐकत होत्या, भिंतीला टेकून, हातातल्या रिकाम्या तांब्यासकट.

"म्हणजे आमची पत्रिका खोटी नव्हती," त्या शेवटी म्हणाल्या.

"नव्हती, बाई. मी आजच जामनेरला जातो. घेवरचंद शेठना..."

"घेवरचंदांच्या मुलाचं लग्न झालं. तुमच्याच मशीनने जुळवलं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आणि प्रेमकुंवरला आम्ही पिंपळनेरला दिली. बिजवर आहे. पदरी तीन मुलं. नाडीदोषाची, त्यात खोट्या पत्रिकेची मुलगी, दुसरं कोण करणार होतं? ते म्हणाले, आमचं सगळं भोगून झालंय, आम्हाला पत्रिका नको."

अभिमन घाईने म्हणाला, "मी तिला जाऊन भेटतो. तिला निदान कळू दे, की तिच्यात काही..."

"नाही!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या, की आतल्या खोलीत भांडं पडलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "हात जोडते, तिच्या कानावर हे जाऊ देऊ नका. ती तिथे रडत नाही. नशिबात होतं म्हणून मुकाट्याने राहते आहे. नशीब नव्हतं, कारकुनाची चूक होती, असं कळलं तर माझी पोर त्या घरात एक दिवस जगणार नाही. कुणालाच सांगू नका. तुम्ही बोललात की ते पिंपळनेरला पोचणारच. लोक तुमचं ऐकतात."

मुंबई सोडायची त्याची तयारी होती, पण ती तयारी कुणाला नकोच होती. तो उठायला लागला, तेव्हा गुलाबबाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि आतल्या दाराकडे बघून हाक मारली. "झमकू, बाहेर ये."

थोरलीसारखीच दिसणारी एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिने वर पाहिलं नाही.

"ही धाकटी," गुलाबबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आर्जवही नव्हतं. भाव ठरवताना दुकानात बोलावं तसं त्या बोलत होत्या. "हिचाही जन्म पहाटेचाच. अमळनेरचं एक घर डोळ्यांपुढे आहे. पण आता मशीनशिवाय कुणी पुढे येत नाही, ते तुम्हीच करून ठेवलंय. कोणता वार सांगितला म्हणजे जुळेल, तो तुम्हीच सांगा. मेळाव्यात मी तोच सांगेन."

बाहेर गल्लीत माणसं जमल्याचा आवाज येत होता. झमकू दाराच्या चौकटीला नखाने ओरखडत होती. अभिमन पुन्हा सतरंजीवर बसला, शर्टाच्या खिशातून पेन काढलं, आणि त्याने विचारलं, "मुलाची तारीख काय?"